धर्म नसते तर जग बरं चाललं असतं का?

तिरपागडा (धागाकर्ता)
बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो. देव आहे की नाही हा वाद इथे नको. तो दर सहा महिन्यांनी होतो आणि दर वेळी त्याच जागी अडकतो. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. देव असो वा नसो, माणसांनी उभी केलेली धर्म नावाची व्यवस्था, म्हणजे ग्रंथ, गुरू, संस्था, नियम, 'आपले' आणि 'त्यांचे', हे सगळं नसतं तर एकूण हिशेबात जग फायद्यात राहिलं असतं की तोट्यात?

माझं मत फायद्याकडे झुकतं. १६०० साली रोममध्ये जिओर्दानो ब्रुनोला जिवंत जाळलं, ते जुनं म्हणून सोडून देऊ. पण २०२१ साली फ्रान्समधल्या स्वतंत्र आयोगाने काढलेला अंदाज असा की, १९५० पासून तिथल्या कॅथलिक धर्मगुरूंनी सुमारे २ लाख १६ हजार मुलांचं लैंगिक शोषण केलं. आयर्लंडमधल्या संस्थांत मुलांवर झालेल्या अत्याचारांचा २००९ चा रायन अहवाल बघा. सुधारगृहं आणि अनाथालयं धार्मिक संघांच्या ताब्यात, आणि ज्या शिक्षण खात्याने देखरेख करायची तेच त्यांच्यापुढे नमून. वाईट माणसं सगळीकडे असतात हो, पण इतकी वर्षं इतक्या लोकांनी गप्प बसायला नुसता वाईटपणा पुरत नाही, त्याला पावित्र्याचं कवच लागतं. ज्याच्याविरुद्ध तोंड उघडणं हेच पाप, त्याला पकडणार कोण?

उलट शाळा, दवाखाने, भुकेल्याला अन्न, ही जी धर्माने केलेली चांगली कामं सांगितली जातात त्यातलं एकही धर्मावाचून अडत नाही. मग ठेवायचं कशाला? बोला.

शेवटचा_बाक
सतरंजी टाकली आहे. पन्नासाव्या प्रतिसादाला गुद्दागुद्दी होते की पंधराव्यालाच, एवढंच बघायचंय.

जुना_खांब
तुम्ही युद्धांचं नाव काढलं नाहीत, पण चार प्रतिसादांत कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो.

युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध, १६१८ ते १६४८. धर्मयुद्धाचं उदाहरण म्हणून हेच पुढे केलं जातं, कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट. आता त्यातला फ्रान्स बघा. देश कॅथलिक, राज्यकारभार रिशल्यूच्या हातात, आणि रिशल्यू नुसता कॅथलिक नाही तर चक्क कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी. हा गृहस्थ १६३१ मध्ये स्वीडनच्या प्रोटेस्टंट राजाशी करार करतो आणि कॅथलिक सम्राटाविरुद्ध लढायला त्याला दरसाल रोकड पोचवतो. १६३५ मध्ये फ्रान्स स्वतःच त्या बाजूने उतरतो. का? तर त्या सम्राटाच्या हाब्सबर्ग घराण्याने फ्रान्सला दोन बाजूंनी घेरलं होतं म्हणून. धर्म गेला चुलीत.

त्यामुळे धर्म नसता तर ही युद्धं झाली नसती, हे मला पटत नाही. झेंड्याचा रंग बदलला असता, एवढंच.

तिरपागडा
@जुना_खांब, काका, रिशल्यूचं मान्य. पण रिशल्यू खंदकात उतरला नव्हता. १६३१ मध्येच सम्राटाच्या कॅथलिक फौजेने माग्डेबुर्ग हे प्रोटेस्टंट शहर लुटलं, वीसेक हजार माणसं मेली. ती कत्तल करणाऱ्या शिपायाला हाब्सबर्गांच्या सरहद्दीशी काय देणंघेणं होतं? राजांना जमीन हवी होती, पण शेतकऱ्याच्या पोराला त्यातली वीतभरही मिळणार नव्हती. समोरचा माणूस पाखंडी आहे, त्याला मारलं तर पुण्यच लागेल, हे त्याला कुणी सांगितलं? राजाचा स्वार्थ सामान्य माणसाच्या गळी उतरवायला धर्माइतकं सोयीचं काही नाही.

जुना_खांब
सोयीचं आहे, एकमेव नाही. १९१४ मध्ये दोन्ही बाजूंचे शिपाई एकाच येशूची प्रार्थना करून एकमेकांवर तोफा डागत होते. त्या वेळी गळी उतरवायला राष्ट्र पुरलं.

टोमणेसम्राट
राष्ट्रही लागत नाही. १९६९ मध्ये एल साल्वादोर आणि होंडुरास फुटबॉलवरून लढले. बंदीच घालायची तर आधी फुटबॉलवर घाला, निदान रात्री झोप तरी होईल.

जुना_खांब
@टोमणेसम्राट, तिथेही खरं दुखणं जमिनीचं आणि होंडुरासमध्ये गेलेल्या साल्वादोरी शेतमजुरांचं होतं. सामना निमित्त. आमचा मुद्दा तुम्हीच मजबूत केलात, आभारी आहे.

गणिती
प्रश्नच नीट मांडलेला नाही. 'धर्म नसलेलं जग' तुलनेला आणणार कुठून? इतिहास एकदाच घडतो. युद्धांच्या एका विश्वकोशात १७६३ युद्धांची नोंद आहे आणि त्यातली १२३ धार्मिक ठरवलेली आहेत, म्हणजे साधारण ७ टक्के. हा आकडा आस्तिक लोक नाचवत असतात. पण 'धार्मिक' कोणतं हे ठरवणारा माणूस संपादक. वरचं तीस वर्षांचं युद्ध कुठल्या रकान्यात टाकणार? खांबकाका एकात टाकतील, तिरपागडा दुसऱ्यात. ७ टक्क्यांचे ४० व्हायला वेळ लागणार नाही.

ध्रुवमत्स्य
@गणिती, अगदीच तुलना नाही असं नाही. प्रयोग झालेले आहेत, जिवंत माणसांवर.

अल्बेनिया. १९६७ मध्ये एन्व्हर होक्साच्या कम्युनिस्ट राजवटीने दोन हजारांच्या वर मशिदी, चर्च, मठ बंद केले. श्कोदर शहरातल्या कॅथीड्रलचं क्रीडागृह केलं, आत सामने व्हायचे. १९७५ मध्ये धार्मिक वाटणारी माणसांची नावं बदलण्याचा हुकूम निघाला. १९७६ च्या राज्यघटनेत तर राज्य कुठलाच धर्म मानत नाही असं कलमच घातलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका वृद्ध धर्मगुरूला गोळ्या घातल्या. गुन्हा काय, तर एका बाळाचा बाप्तिस्मा केला. १९९० मध्ये बंदी उठली आणि २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारे अडीच टक्के निघाले. दोन दशकांहून जास्त काळ बंदुकीच्या धाकात, आणि हाती काय लागलं?

सोव्हिएत संघाची गंमत याहून भारी. १९३७ च्या जनगणनेत स्टॅलिनने स्वतः धर्माचा प्रश्न घालायला लावला. वीस वर्षं प्रचार झालाय, आता धर्म संपल्याचं आकड्यांत दिसेल असा भरवसा. सोळा वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांनी 'श्रद्धाळू' असं लिहून दिलं! सरकारी माणूस दारात उभा, काळ तो असा, तरीही. मग जनगणनाच दडपली आणि ती करणारे अधिकारी तुरुंगात गेले, काहींना गोळ्या घातल्या.

आणि याच लोकांनी १९२४ मध्ये लेनिनचा देह मसाले भरून काचेत ठेवला, दर्शनाला रांगा लावल्या. संतांच्या अस्थींची थट्टा करणाऱ्यांनी हे करावं!

तिरपागडा
@ध्रुवमत्स्य, हे हुकूमशाहीचे प्रयोग झाले. होक्साने लोकांवर बळजबरीने धर्म लादला असता तरी गोळ्याच घातल्या असत्या. मी बंदी घाला म्हणतच नाहीये. धर्म नसते तर, असं म्हणतोय.

साधा_भाविक
मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण वरचे प्रतिसाद वाचून असं वाटलं की धर्म म्हणजे पोप, स्टॅलिन आणि तोफा. माझा धर्म म्हणजे पहाटे उठून वीस मिनिटं डोळे मिटून बसणं आणि कुणाचं देणं बुडवायचं असा विचार मनात आलाच तर लाज वाटणं. मी कुणाला मारलेलं नाही, मारणारही नाही. माझ्यासारखे कोट्यवधी आहेत, ते कुठल्याच विश्वकोशात येत नाहीत. ढेकूण झाले म्हणून घर जाळायचं का?

तिरपागडा
@साधा_भाविक, तुमची वीस मिनिटं खुशाल चालू राहू द्या, त्यावर कुणाचंच काही म्हणणं नाही. प्रश्न असा की त्या वीस मिनिटांना हजार नियमांची, पदाधिकाऱ्यांची आणि जप्त केलेल्या जमिनींची इमारत कशाला लागते?

साधा_भाविक
मला ती वीस मिनिटं शिकवली कुणी? आजीने. तिला तिच्या गुरूंनी. त्यांना त्या इमारतीतल्याच कुणीतरी. आकाशातून नाही पडली.

कोरी_पाटी
मी या विषयावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण साधा_भाविक यांच्या 'मी कुणाला मारलेलं नाही' यावर थांबवेना.

मी एका छोट्या पंथात जन्मले. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, असे सगळीकडे आहेत. तिथे कुणी कुणाला मारत नाही. फार मऊ बोलतात. मी पंथ सोडला तेव्हाही कुणी आवाज चढवला नाही. आधी कुटुंबाच्या फोनवरच्या गटातून माझं नाव गेलं. मग काकूने रस्त्यात ओळख दाखवणं बंद केलं. आई अजून जेवली का विचारते, पण थेट नाही. बहिणीला सांगते, बहीण मला लिहिते, मी बहिणीला उत्तर देते. माझं उत्तर आईला वाचून दाखवलं जातं आणि 'वाचलं' असा निरोप उलट येतो. आईला माझ्याशी बोलायची बंदी नाहीये हं, बोललं तर तिचंच मोक्षाचं खातं बिघडतं, असं तिला सांगितलंय. तिने माझ्यासाठी आधी जेवढं केलं तेवढ्याच मायेने ती आता बोलत नाही.

विश्वकोशात हेही येत नाही.

रातराणी
@कोरी_पाटी, तुला घट्ट मिठी. यापलीकडे काय लिहू.

साधा_भाविक
कोरी_पाटीताई, वाचून वाईट वाटलं. याला मी धर्म म्हणणार नाही.

कोरी_पाटी
दादा, तुम्ही म्हणणार नाही, पण ते म्हणतात. त्यांच्या लेखी तुमचाच धर्म नाही.

अर्धवेळ_नास्तिक
थोडं अवांतर, पण मला वाटतं विषयाच्या गाभ्याशीच येईल.

श्रद्धा, युद्धं, शोषण यावर सगळे बोलतात. रविवारवर कुणी बोलत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ मध्ये नवं कॅलेंडर आलं. चर्चचा ठसा पुसायचा म्हणून सात दिवसांचा आठवडा मोडून दहा दिवसांचा केला. त्याच नोव्हेंबरात पॅरिसच्या नोत्र दाममध्ये विवेकबुद्धीचा उत्सव साजरा झाला. कागदावर सगळं झकास, दशमान पद्धत, तर्कशुद्ध. पण कष्टकरी माणसाला दिसलं इतकंच की सुट्टी सातव्या दिवशी यायची ती आता दहाव्या दिवशी येते. १८०६ उजाडताच नेपोलियनने ते कॅलेंडर गुंडाळलं.

सोव्हिएतांनी १९२९ मध्ये याच्या पुढची पायरी गाठली. पाच दिवसांचा आठवडा, आणि कारखाना एकही दिवस बंद राहू नये म्हणून कामगारांना पाच रंगांत वाटलं. प्रत्येक रंगाची सुट्टी वेगळ्या दिवशी. नवरा पिवळा आणि बायको जांभळी असली तर दोघांची सुट्टी कधी एकत्र यायचीच नाही. मित्र गोळा होईनात, घर एका जागी जेवेना. रविवार नाहीसा झाला म्हणजे चर्चला जाणं थांबेल हा हेतू, आणि थांबलं काय, तर एकमेकांकडे जाणं. दोन वर्षांत त्यात फेरफार करावे लागले, १९४० मध्ये निमूट सात दिवसांवर परत.

धर्मात देव किती आणि 'आपण सगळे एकाच दिवशी मोकळे असू' किती, हे वजन करून बघा. मी देव मानत नाही, पण सुट्टीचा दिवस कुणी हलवला तर मोर्च्यात सगळ्यात पुढे असेन.

शेवटचा_बाक
हा आयडी आजपासून माझा धर्मगुरू.

टोमणेसम्राट
धर्माशिवाय धर्म काढायचा उद्योगही एकाने करून पाहिलाय. ऑग्युस्त कोंत नावाचे फ्रेंच तत्त्वज्ञ. देव काढून टाकला आणि 'मानवतेचा धर्म' काढला. १८४९ मध्ये तेरा महिन्यांचं कॅलेंडर आणलं. महिन्यांची नावं मोझेस, होमर, ॲरिस्टॉटल, आर्किमिडीज अशी. पुरोहित ठेवले, संस्कार ठेवले, मंदिरं बांधायला सांगितली. ब्राझीलच्या झेंड्यावर 'सुव्यवस्था आणि प्रगती' हे जे लिहिलंय ते यांच्याच पंथाकडून आलं. म्हणजे देव हाकलला तरी भटजी राहिलेच. :)

वळणावरची
टोमणेसम्राट, हसू नका हो. माणसांना काहीतरी करायला लागतं.

माझे मामा कट्टर बुद्धिवादी. आपल्यामागे कुठलाही विधी करायचा नाही, असं लिहून सही करून ठेवलेलं. आम्ही ते तंतोतंत पाळलं. विद्युतदाहिनीपाशी तीस-चाळीस माणसं जमली. तिथल्या कर्मचाऱ्याने विचारलं, कुणी काही म्हणणार आहे का? कुणीच पुढे होईना. मामांच्या मुलाने मानेनेच नाही म्हटलं. दार वर गेलं, देह आत गेला, दार खाली आलं. संपलं. आणि मग कुणालाच कळेना की आता निघायचं का. हातांचं काय करायचं कळत नव्हतं. कुणी घड्याळ चाचपत होतं, कुणी गाडीची किल्ली. शेवटी त्या कर्मचाऱ्यानेच सांगितलं, पुढची वेळ दुसऱ्यांची आहे.

मामांच्या मताचा मान राहिला याचं समाधान आहे. पण त्या दिवशी मागे राहिलेल्यांसाठी काहीच नव्हतं. मामीला रडायलासुद्धा जागा मिळाली नाही.

रातराणी
+१. मी ज्या विभागात काम करते तिथे बरे होणारे रुग्ण येत नाहीत, वेदना कमी करण्यापुरतेच येतात. रात्रपाळीला मी दोन्ही पाहते. माळ ओढत शांत जाणारे पाहिलेत, आणि आपण कुठलं पाप केलं म्हणून हे भोगतोय असं विचारत शेवटपर्यंत तळमळणारेही पाहिलेत. एक आजोबा नर्सला, डॉक्टरला, झाडूवाल्यालासुद्धा विचारायचे, माझं काय चुकलं? औषधाने वेदना उतरली होती, हा प्रश्न उतरत नव्हता. तो त्यांच्या डोक्यात कुणी घातला? त्याच खाटेवर नंतर एक बाई आल्या, पक्क्या नास्तिक, त्यांना असला काही त्रास नव्हता. डबा कुणी आणायचा यावरून मुलींशी भांडत होत्या.

त्यामुळे 'निदान मरताना तरी धर्माचा आधार असतो' हे वाक्य कुणी टाकलं की मला चिडायला होतं. काहींना असतो. काहींना तोच छळतो.

ध्रुवमत्स्य
@वळणावरची, नॉर्वेत यावर तोडगा काढलाय. १९५१ पासून तिथे चर्चच्या दीक्षाविधीला पर्याय म्हणून धर्मविरहित सोहळा होतो. मुलं काही आठवडे नीतिमत्ता, हक्क, नातेसंबंध यावर वर्गात चर्चा करतात, मग सभागृहात नाव पुकारून प्रमाणपत्र, घरचे सगळे नटून हजर. नावं ठेवणं, लग्न, अंत्यविधी, सगळ्याची तशी सोय आहे.

तिरपागडा यांनी वर म्हटलं बंदी नको, तर मग डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे बघावे. तिथे कुणी चर्च पाडलं नाही, धर्म आपसूक ओसरला. डेन्मार्कमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास लोक अजून चर्चचे सभासद आहेत, चर्चचा कर भरतात, पण प्रार्थनेला फारसं कुणी फिरकत नाही. आणि हे समाज काही लयाला गेले नाहीत. पण मेख अशी की तिथे आजारपण, म्हातारपण, बेकारी सगळ्याचा भार सरकारने उचललाय. पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट या अभ्यासकांची मांडणी हीच की जगण्याची धास्ती कमी झाली की धर्माची गरज उतरते. म्हणजे धर्म गेला म्हणून ते सुखी झाले असं नसून, सुरक्षित झाले म्हणून धर्म सैल झाला.

गणिती
शेवटचं वाक्य लाखमोलाचं. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल हीच या धाग्याची मूळ गोची आहे.

आणखी एक. रिचर्ड सोसिस यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या दोनशे सामूहिक वसाहतींचा अभ्यास केला होता. काही धार्मिक, काही समाजवादी वगैरे. धार्मिक वसाहती बऱ्याच जास्त टिकल्या. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की धार्मिक वसाहतीत खाण्यापिण्याचे, कपड्यांचे, राहणीचे जाचक नियम जितके जास्त तितकी ती जास्त टिकली. धर्मनिरपेक्ष वसाहतीत मात्र नियम वाढवून काही फायदा झाला नाही.

कोरी_पाटी
टिकली, म्हणजे आतल्यांना बाहेर पडता आलं नाही असंही असेल ना? आमचा पंथही भलताच टिकाऊ आहे.

गणिती
असेल. अभ्यासात वसाहतीचं आयुष्य मोजलंय, आतल्या माणसांचं सुख नाही.

नाव_सुचत_नाही
इतके प्रतिसाद झाले आणि आंबेडकरांचं नाव कुणी घेतलं नाही, याचं नवल वाटतं. धर्माचा काच ज्यांनी सोसला, अभ्यासला आणि ज्यांच्याकडे तो सोडायला कुणाहीपेक्षा जास्त कारणं होती, त्यांनी काय केलं? १९३५ मध्ये येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. तिथून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत एकवीस वर्षं. निधर्मी होणं एका दिवसात जमलं असतं, कुणी अडवलं नसतं. त्याऐवजी त्यांनी धर्म निवडला, पारखून, तपासून, लाखोंना सोबत घेऊन. १९३६ च्या, लाहोरात व्हायचं राहून गेलेल्या भाषणातही त्यांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केलाय. पहिला मोडा म्हणाले, पण धर्मच नको असं नाही म्हणाले.

तिरपागडा, तुमच्या हिशेबात हे कुठे बसतं?

तिरपागडा
@नाव_सुचत_नाही, बसतं की. त्यांनी निवडलेल्या धर्मात सृष्टिकर्ता देव नाही, आत्मा नाही, आणि जे बुद्धीला पटत नाही ते टाकायची मुभा आहे. मी ज्याला धर्म म्हणून नावं ठेवतोय त्यातलं बहुतेक सगळं त्यांनी आधीच वजा केलं होतं.

नाव_सुचत_नाही
आणि जे वजा केलं नाही ते? बावीस प्रतिज्ञा, दीक्षा, विहार, संघ. एकट्या माणसाला बुद्धी पुरते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना 'तुम्ही कुणीच नाही' असं सांगितलं, त्यांना एकत्र उभं राहून 'आम्ही अमुक' म्हणायला काहीतरी लागतं. ज्यांना ते जन्मतःच मिळालंय त्यांना धर्म सोडणं स्वस्तात पडतं.

अर्धवेळ_नास्तिक
हा मुद्दा बोचरा आहे. माझ्या नास्तिकपणाला काहीच किंमत मोजावी लागली नाही. कोरी_पाटीला लागली.

जुना_खांब
गुलामगिरीचंही असंच दुतोंडी आहे. १७८७ मध्ये लंडनला गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती झाली, बारांपैकी नऊ सभासद क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. देवाच्या लेखी सगळे सारखे, ही त्यांची श्रद्धा. १८४५ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या बाप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वेगळी चूल मांडली ती गुलाम बाळगण्याच्या हक्कासाठी, त्यांच्याही हातात तेच बायबल. माफी मागितली १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी. आता ही नोंद जमेला धरायची की खर्चाला?

टोमणेसम्राट
क्वेकर जमेला, बाप्टिस्ट खर्चाला, बाकी शून्य. लेखापरीक्षक खूश.

तिरपागडा
बरंच काही वाचायला मिळालं. आता प्रश्न जरा आवळतो, कारण 'मुळात नसतेच तर' याचं उत्तर गणिती म्हणतात तसं कुणाकडेच नाही. समजा, कुणावर जबरदस्ती नाही, कुठलं प्रार्थनास्थळ पाडायचं नाही. नुसतं ध्रुवमत्स्य यांनी सांगितलं तसं, पुढच्या दोन पिढ्यांत धर्म सगळीकडे सैल होत होत संपणार आहे. तुम्ही तो ओसरण्याला हातभार लावाल, अडवाल, की बघत बसाल? एका ओळीत सांगा, निबंध नको. माझं उत्तर: हातभार.

जुना_खांब
बघत बसेन. त्या जागी काय येतंय त्यावर डोळा ठेवून.

साधा_भाविक
अडवणार नाही. नातवाला वीस मिनिटं शिकवून ठेवेन, पुढे त्याची मर्जी.

वळणावरची
हातभार, पण आधी अंत्यविधीचं काहीतरी ठरवा.

नाव_सुचत_नाही
जातीसकट संपणार असेल तर हातभार. जात मागे ठेवून नुसता धर्म संपणार असेल तर कुणाचा फायदा, ते तुम्हीच बघा.

गणिती
२०२० मध्ये जगातले सुमारे २४ टक्के लोक कुठलाच धर्म सांगत नव्हते. पण धार्मिक कुटुंबांत मुलं जास्त होतात. दोन पिढ्यांत संपण्याची लक्षणं नाहीत, त्यामुळे उत्तर देण्याची घाई नाही.

रातराणी
'माझं काय चुकलं' हा प्रश्न तेवढा आधी संपवा, बाकीचं सावकाश.

कोरी_पाटी
दोन पिढ्या माझ्याकडे नाहीत. आई पंचाहत्तरीची आहे. मला धर्म संपायला नकोय, पंथ सोडणाऱ्याशी बोलायला मोकळीक हवीय, आणि ती आईच्याच पंथातलं कुणीतरी तिला सांगेल तेव्हाच मिळेल. बाहेरच्याचं ती ऐकणार नाही, तिरपागडा यांचं तर नाहीच.

तिरपागडा
म्हणजे तुझ्यापुरता उपाय धर्माच्या आतूनच यायला हवा?

कोरी_पाटी
आईपुरता. माझ्यापुरता मी बाहेर पडून करून घेतलाय.

साधा_भाविक
कोरी_पाटीताई, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. माझ्या ओळखीत तशाच एका पंथातले एक वयस्कर गृहस्थ आहेत, सोडून गेलेल्या मुलाशी ते उघडपणे बोलतात आणि अजून त्यांना कुणी काढलेलं नाही. त्यांचा शब्द तिथे चालतो. बघा वाचून.